असू दे

बझर वाजत होता आणि लालासाहेब फडतरे म्हणत होता, तो वाजत नाही. झालं ते एवढंच. बॅलार्ड इस्टेटीतलं एका जहाज कंपनीचं हापिस, तिसरा मजला, उघड्या खिडक्यांतून येणारी बंदराची खारट चिकट हवा, आणि भिंतीवर त्यानंच काही वर्षांपूर्वी बसवलेली लोखंडी पेटी. सगळ्या इमारतीच्या तारा त्या पेटीत येऊन मिळायच्या. कुठल्या मजल्यावर आग लागली, कुणी लाल डबीची काच फोडली, की पेटीतला त्या मजल्याचा दिवा पेटायचा आणि जिन्याजिन्यावरच्या घंटा ठणाणा करायच्या. पण कुठं नुसती तारच तुटली, खाऱ्या हवेनं तांबं हिरवं पडून जोड सुटला, तर घंटा गप्प राहायच्या आणि पेटीतला बोटभर बझर तेवढा बारीक आवाजात किरकिरत बसायचा. तो चालतो का बघायला लालासाहेबानं मुद्दाम एक तार सोडवली होती. बझर गप्प. त्यानं तो काढला, पिशवीतला नवा लावला. तोही गप्प. "काय माल पाठवतात भडवे," असं तो कारखान्याच्या नावानं पुटपुटला, म्हणजे त्याला वाटलं की आपण पुटपुटलो, आणि मागं वळला तर टायपिस्ट पोरगी दोन्ही कानांत बोटं घालून बसलेली आणि हेडक्लार्क टेबलावर हात आपटत हसत होता. "अहो फडतरे, बंद करा की ते! केव्हापासून डोकं उठवलंय, आणि वर शिव्या कसल्या देताय?" लालासाहेबानं अंगठा बझरवर ठेवला. मुठीत धरलेल्या भुंग्यासारखा तो थरथरत होता.

त्यानं तार जोडली, पेटीला कुलूप घातलं, क्लार्कची सही घेतली आणि जिन्यात येऊन पायरीवर बसला. खाली रस्त्यावरून ट्रक जात होते, त्यांचा घरघराट त्याला नीट येत होता. कुणी हमाल दुसऱ्याला हाक मारत होता, तीही आली. मग काय येत नव्हतं? तो एकेक आठवायला लागला. खोलीतल्या स्टोव्हची सूं. हापिसातल्या घड्याळाची टिकटिक. परळच्या खोलीच्या वळचणीला चिमण्या होत्या. त्या कुठं गेल्या म्हणून मागं त्यानं खोलीतल्या गड्यांना विचारलंसुद्धा होतं, आणि ते त्याच्याकडं चमत्कारिक नजरेनं बघत राहिले होते. चिमण्या जागच्या जागी होत्या. म्हणजे आवाज एकदम गेले नव्हते. चांगला पाहुणा जातो तसे, कुणाची झोपमोड न करता, एकेक करून निघून गेले होते. त्यात नवल तरी काय होतं? सगळं आयुष्य त्यानं घंटेला कान लावून काढलं होतं. नवी घंटा बसवली की शिडीवर चढून तिच्याशी तोंड भिडवायचं, खालच्याला ओरडून सांगायचं, दाब रं, आणि ती कानाशी वाजत असताना तिच्यात कुठं बोदा सूर येतो का ते ऐकायचं. गिरण्या, गुदामं, बँका, गोदीतल्या कापसाच्या वखारी. साहेब लोक कौतुकानं म्हणायचे, फडतरेचा कान म्हणजे कान. गेला तो कान! आणि गेला तो कौतुक करून घेता घेता.

धनपाळला सांगावं लागलंच नाही. धनपाळ हा त्याचा जोडीदार, सांगलीकडचा जैन, शिडी धरणारा, बटण दाबणारा, बोलण्यात फटकळ आणि मनानं मऊ. दुसऱ्याच दिवशी एका गुदामात लालासाहेब शिडीवर उभा राहून "दाब की रं" म्हणून ओरडत होता, तेव्हा धनपाळनं बटण सोडलं, शिडी चढून वर आला, आणि त्याच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाला, "चौथ्या मजल्याची कवाधरनं वाजत हुती. ह्यी कानाजवळची तेवढी ऐकू येतीया तुला, लांबची न्हाई. खरं का न्हाई?" लालासाहेब घंटेचा स्क्रू उगाच पिळत राहिला. "मुकादमाला कळलं तर उद्या घरी बसवंल. माज्याकडनं कळणार न्हाई. पर घरात तरी सांग की गड्या. वहिनीस्नी सांग." मग त्या दोघांनी एक रीत पाडली. लांबची घंटा वाजली की धनपाळ शिडीच्या पायाला पकडीनं ठोकायचा, आणि शिडीवरच्या माणसाच्या पोटऱ्यांत ती घंटा उतरायची. वर्षभर त्या दोघांनी मुंबईच्या निम्म्या वखारी अशा तपासल्या आणि एकाही घंटेत खोट राहिली नाही. घरी सांगण्याचं मात्र तो बघू म्हणाला, आणि बघूच म्हणत राहिला.

कारण गावाकडं बहिरा माणूस म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं. कोरेगावच्या अलीकडं त्यांची वाडी, आणि वाडीत हरिबा नावाचा एक बहिरा. लहानपणी लालासाहेबानं स्वतः त्याच्या मागं उभं राहून आईवरनं शिव्या दिल्या होत्या, आणि हरिबा हसत वळून "व्हय व्हय, बरं हाय" म्हणाला की पोरं धुळीत लोळून हसायची. तसलं 'बरं हाय' आपल्या वाट्याला येऊ द्यायचं नाही, हे त्यानं त्या जिन्याच्या पायरीवरच ठरवून टाकलं. मुंबईला राहणारा, पोरगं पलटणीत असलेला, दिवाळीला बायकोला इरकल आणणारा माणूस तो. त्याच्या मागं कुणी हसायचं म्हणजे काय! मग तो तोंडं वाचायला शिकला, आपोआप शिकला, आणि तोंड दिसलं नाही तिथं वापरायला त्यानं एक उत्तर शोधून काढलं. 'व्हय' धोक्याचं, 'न्हाई' त्याहून धोक्याचं. 'असू दे' मात्र कशालाही चालतं. चहात साखर कमी आहे, असू दे. उसाला पाणी कमी पडतंय, असू दे. पोराची बदली लांब झाली, असू दे. एकदाच फसलं: पारावर ज्ञानू पवार तंबाखू मळत खाली मान घालून काही सांगत होता आणि लालासाहेब म्हणाला, असू दे. ज्ञानूचा बाप गेला होता. ज्ञानू उठून गेला, आणि गावात झालं की लालासाहेबाला मुंबईचं पाणी लागलं, माणुसकी उरली नाही. लालासाहेबाला वाईट वाटलं, फार वाटलं. पण खोटं कशाला बोला, आत कुठंतरी हायसंही वाटलं. माजलेला म्हणा, पण बहिरा म्हणू नका.

आणि अंजनाचा आवाज तर त्यानं कधी मोठा ऐकलाच नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा घर माणसांनी भरलेलं. सासू, सासरा, दोन दीर, आल्यागेल्याचा राबता. नवऱ्याशी चारचौघांत बोलायचं म्हणजे लाज सोडली. दोघांना बोलायला सगळ्या घरात एकच जागा होती, गोठा. सकाळी म्हैस पिळायला ती बसायची आणि रेडकू धरायला तो जायचा. रेडकाला एक माणूस लागतंच, त्यावर कुणाला काही म्हणता यायचं नाही. ती म्हशीच्या कुशीला कपाळ टेकून बसायची, धारा काढता काढता बोलायची, तोंड म्हशीकडं, आवाज श्वासापेक्षा जरासा जास्त. आणि तो मागं रेडकाची मान कवळून उभा, सगळं ऐकत. तिला दिवस गेल्याचं त्याला तिथंच कळलं. दुसरं मूल पोटातच गेलं, तो मुंबईहून आला तेव्हा तिनं तेही तिथंच सांगितलं, आणि धार चुकून भांड्याबाहेर गेली होती. अख्ख्या वर्षात दोन-तीनदा तो घरी यायचा आणि जे काय नवराबायको म्हणून झालं ते त्या शेणामुताच्या उबदार वासात झालं. पुढं सासरा गेला, दीर वेगळे झाले, घरात उरली ती सोप्यात बसलेली म्हातारी बनुबाई, त्याची आई. पण अंजनाची सवय गेली नाही. आता मोठ्यानं बोलली असती तर कुणी डोकं फोडलं नसतं. ती बोलली नाही. आणि त्याला तो आवाज इतका प्यारा होता की परळच्या खोलीत पडल्या पडल्या तो मनात लावून बघायचा. नोकरी संपली की घरी जाऊन बसायचं, रोज सकाळी रेडकू धरायचं आणि तिचं राहिलेलं सगळं बोलणं ऐकायचं, असं त्यानं ठरवलं होतं. बझरवर अंगठा ठेवला तेव्हा त्याला मुकादम आठवला नव्हता, पगार आठवला नव्हता. तो गोठा आठवला होता.

तरी बेंदराला तो घरी गेला, बैलं रंगवली, हिंडला-फिरला, कुणाला संशय आला नाही, निदान त्याला तसं वाटलं. गोठ्यात अंजना बोलली तेव्हा त्याला एक कुजबूज तेवढी कळली, कौलावरनं वारा जावा तशी, शब्द नाहीच. तो 'असू दे' म्हणाला आणि तिनं मान हलवली. म्हणजे जमलं. दिवाळीला पुन्हा गेला. वसुबारस होऊन गेलेली, सकाळची थंडी, म्हशीच्या पाठीतनं वाफ निघत होती. अंजना धारेला बसली. त्या दिवशी ती लवकर बोललीच नाही. मग तिचे हात थांबले आणि ती बोलायला लागली, नेहमीसारखी म्हशीकडं तोंड करून, पण लांबलचक. तिचे खांदे वरखाली होताना त्याला दिसत होते. एकदा तिनं डावा हात काढून पदराखाली नेला आणि परत आणला. रेडकू ओढत होतं, त्यानं त्याची मान घट्ट धरली. त्याला वाटलं, पुढं व्हावं, तिच्यासमोर जाऊन बसावं, तोंड बघावं. पण मग ती म्हणाली असती, असं का बघताय? आणि सोप्यातनं म्हातारी डोकावत होती. ती बोलायची थांबली. मागं वळली, आणि त्याच्याकडं बघत राहिली. ती नजर उत्तर मागत होती, एवढं कळायला कान लागत नव्हते. लालासाहेब हसला, आणि प्रेमानं, अगदी सगळं प्रेम आवाजात गोळा करून म्हणाला, "असू दे गं." ती आणखी थोडा वेळ तशीच बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ओठ हलले, हसली असावी. ती परत म्हशीकडं वळली आणि धारा सुरू झाल्या. लालासाहेबाला वाटलं, बरोबर पडलं उत्तर. इतकं बरं वाटलं त्याला, की त्यानं रेडकाचा मुका घेतला.

ते हसू घेऊन तो मुंबईला आला. गोदीत, शिडीवर, अॅसिडच्या वासाच्या बॅटऱ्या पुसताना ते त्याच्याजवळ होतं. धनपाळनं विचारलं, "सांगितलं का वहिनीस्नी?" "सांगायची गरजच न्हाई गड्या," लालासाहेब म्हणाला, "आमचं जमतंय." शिमगा झाला. पाडव्याच्या तोंडावर तार आली, अंजनाच्या भावाची, जोतिबाची: अंजनाला मिरजेच्या दवाखान्यात आणलंय, निघून या. धनपाळनं त्याला गाडीत बसवून दिलं आणि सांगलीतल्या बहिणीचा पत्ता तीन-तीनदा समोरून सांगितला. "चंदनबाला नाव हाय तिचं. जेवायला तितं जा. उपाशी ऱ्हाऊ नगंस." गाडीत लालासाहेब दाराशी बसला. पहाटेच्या वक्ताला कोरेगाव टेसन आलं आणि गेलं. उतरण्यासाठी म्हणून सवयीनं तो उभा राहिला होता, पिशवीसुद्धा उचलली होती, आणि गाडी सुटल्यावर तसाच उभा राहिला. आपलं टेसन असं खिडकीतनं मागं जाताना त्यानं कधी बघितलं नव्हतं. काय झालं असेल? पडली असेल, म्हशीनं मारलं असेल, ताप असेल. रहिमतपूर, कऱ्हाड, उसाची हिरवी रानं, किर्लोस्करवाडी. त्याला राग आला, कुणावर ते कळेना.

डॉक्टरीणबाई मोठ्यानं आणि तोंड उघडून बोलत होत्या, तसं बोलणाऱ्या माणसांचे लालासाहेबाला फार उपकार वाटायचे. त्यांनी त्याला, जोतिबाला आणि अंजनाला एकत्र बसवलं होतं. छातीत गाठ होती. ती फुटली होती. काखेत उतरली होती, आता पाठीच्या हाडात होती. "लवकर आणलं असतं तर कापून काढता आली असती," बाई म्हणाल्या. मग अंजनाकडं वळून त्यांनी काही विचारलं. त्यांची पाठ झाली आणि लालासाहेबाला शब्द मिळाले नाहीत. अंजनाची मान खाली. तिनं काही सांगितलं. जोतिबानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं, आणि बघतच राहिला. बाई वळल्या आणि आता त्यांचं बोलणं त्याला नको इतकं स्पष्ट आलं. "या म्हणतात, दिवाळीतच घरी सांगितलं होतं. तुम्हाला. तुम्ही म्हणालात, असू दे."

आता बोला! लालासाहेबाचं तोंड उघडलं. मला ऐकायलाच आलं नव्हतं, मी बहिरा आहे, वर्ष झालं मी बहिरा आहे. सगळं वाक्य तोंडात तयार होतं. त्यानं अंजनाकडं बघितलं. ती त्याच्याकडं बघत होती, आणि तिच्या नजरेत तक्रार नव्हती. कसली म्हणजे कसलीच नव्हती. उलट, डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला बोल लावला म्हणून तीच अवघडून गेली होती, पदर सारखा करत होती. त्याचं तोंड मिटलं. बाहेर व्हरांड्यात जोतिबानं त्याला गाठलं. जोतिबा कवठेमहांकाळकडं दुष्काळात खडी फोडून उभा राहिलेला माणूस, बहिणीवर जीव टाकणारा. तो समोर उभा राहून बोलला, म्हणून लालासाहेबाला सगळं मिळालं. "दाजी, जनावराच्या कासंला गाठ आली तर मानूस डाक्टर आनतंय. तुमी असू दे म्हनालासा? माझी भन तुमास्नी लाजंनं सांगती, आणि तुमी असू दे म्हनतासा?" जोतिबा खाली थुंकला आणि निघून गेला, आणि त्यानंतर दवाखान्यात रोज येऊन बहिणीच्या उशाशी बसला तरी लालासाहेबाशी एक अक्षर बोलला नाही.

मग दिवस गेले. लालासाहेब सांगलीला चंदनबालाच्या घरी झोपायला जायचा आणि सकाळी बसनं मिरजेला यायचा, हातात तिनं दिलेला डबा. जमिनीत साठवलेल्या हळदीच्या पेवांचा वास त्या रस्त्याला कुठं ना कुठं असायचाच. ती बाई बिचारी सूर्य मावळायच्या आत त्याला जेवायला बोलवायची, तिच्या घरची रीत ती, आणि तो नको म्हणत जेवायचा. घास गिळता गिळता तो तेच वाक्य लावून बघायचा. सांगावं? सांगायलाच हवं. बायको मरतेय ती असं समजून, की नवऱ्याला ठाऊक होतं आणि त्यानं असू दिलं. असलं मरण कुणा वैऱ्याच्या बायकोला येऊ नये. पण लगेच दुसरं मन म्हणायचं, आणि सांगितलंस तर? दिवाळीपासनं ती बाई कशाच्या आधारावर उभी होती? नवरा असू दे म्हणाला, म्हणजे काही भिण्यासारखं नसेल. मुंबईला असतो, चार माणसांत हिंडतो, त्याला कळतं. त्या शब्दाची ऊब घेऊन ती चार-पाच महिने दुखणं अंगावर काढत राहिली, आणि आता तू तिला सांगणार की तो शब्द पोकळ होता, तू तिचं काही ऐकलंच नव्हतंस. तेव्हाही नाही, बेंदरालाही नाही? तिचं आयुष्यातलं एवढंसं जे बोलणं होतं तेही भिंतीशी झालं, असं सांगणार? कुणासाठी सांगणार, तिच्यासाठी का जोतिबासाठी? का स्वतःची सुटका व्हावी म्हणून? एस.टी. हलायची, तो पुढच्या दांड्याला धरून बसायचा, आणि मिरज येईपर्यंत काहीच ठरायचं नाही. गाव त्याला माजलेला म्हणत होतं तेव्हा त्याला हायसं वाटलं होतं. आता सख्खा मेव्हणा त्याला बायकोच्या जिवावर उठलेला समजत होता, आणि हायसं वाटणारी जागा आत कुठं राहिली नव्हती.

वॉर्डात पलीकडच्या खाटांवर बायका होत्या, त्यांचे गोतावळे होते, सगळे बोलायचे. लालासाहेबाला त्यांची तोंडं हलताना दिसायची. अंजना दिवसेंदिवस लहान होत गेली. हात तेवढे तसेच राहिले, धारा काढून काढून अंगठ्याचं पेर मोठं झालेले. तो ते हातात घेऊन बसायचा. इथं चारचौघांत, उजेडात, नवऱ्यानं बायकोचा हात धरलेला, आणि ती काढून घेत नव्हती. कधी तिचे ओठ हलायचे, तो वाकायचा, पण ती इतकं कमी बोलायची की ओठसुद्धा नीट हलत नसत. पाणी म्हणाली का पोरगं म्हणाली ते त्याला अंदाजानं ठरवावं लागायचं. पोराला, नाथाजीला, पलटणीत तार केली होती, तो निघाला होता. एकदा तिनं पाणी मागितलं आणि त्यानं पाठीखालची उशी सारखी केली. ती उशीवर तशीच पडून राहिली, तहानलेली, आणि त्याच्याकडं बघून हसली. मग शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं खुणेनं त्याला तांब्या दाखवला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं ठरवलं, आज. जोतिबा चहाला बाहेर गेला की आज सांगायचं. काय व्हायचं ते होऊ दे.

जोतिबा गेला. लालासाहेबानं स्टूल पुढं ओढलं, गळा साफ केला. "अगं ए," तो म्हणाला, "दिवाळीत तू—" आणि पुढचं येईना. अंजनानं हात वर केला. तिला तो वर करायला जड जात होता, तरी केला, आणि त्याची हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्या तोंडासमोर आणलं. मग ती बोलली. हळू नाही, मोठ्यानं; घसा फाटल्यासारखा आवाज, एकेक शब्द सुटा, ओठ पुरे उघडून, बहिऱ्याशी बोलावं तशी. साऱ्या वॉर्डानं माना वळवल्या.

"मला ठावं हाय. तुमास्नी ऐकाया येत न्हाई."

तो खाटेवर हात टेकून आणखी पुढं वाकला.

"बेंदराला तुमच्या मागं माज्या हातनं हंडा पडला. अंगणभर नाद झाला. तुमची मान वळली न्हाई. तवाच कळलं. तुमी झाकत हुतासा, मग मी कशाला उघडं करू?"

"मग दिवाळीत?" तो म्हणाला. "मग मला कशाला सांगितलंस गं? म्हशीकडं तोंड करून कशाला सांगितलंस? ठावं हुतं तर म्होरं येऊन सांगायचं!"

तिनं डोळे मिटले. तिला धाप लागली होती. तो थांबला, तिची हनुवटीवरची बोटं तशीच होती. मग तिनं डोळे उघडले.

"भ्या वाटत हुतं. तुमास्नी कळलं आसतं तर तुमी दवाखान्यात नेलं आसतं. पुरुष डाक्टर आसल, उघडं करून बघंल, कापंल. आणि नवऱ्याला सांगितल्याबिगर झाकून ठिवनं बी पाप. काय करू?" ती थांबली. "गुरवाकडं जाऊन कौल लावायचा, तर त्येला काय सांगू, कुठं दुखतंय म्हनून? मग तुमच्यावरच लावला. म्हनलं, रोजच्यागत सांगायचं. देवाच्या मनात आसलं तर ह्यास्नी आज ऐकाया यील, मग जायाचं दवाखान्यात. न्हाई आलं, तर त्येची मर्जी."

"अगं..."

"मी वाट बघितली," अंजना म्हणाली. "लय बघितली. वळून बघितलं तुमच्या तोंडाकडं. लय वाटत हुतं, यावं ऐकाया."

शेजारची म्हातारी तोंडाला पदर लावून उठून बसली होती. दारात जोतिबा उभा होता, हातातला चहाचा पेला कलंडून त्याच्या धोतरावर सांडत होता, आणि त्यानं सगळं ऐकलं होतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. लालासाहेबानं ते बघितलं नाही. त्यानं खाटेच्या लोखंडी कडेवर कपाळ टेकलं आणि तो रडायला लागला. त्याला वाटत होतं की तो आतल्या आत रडतोय, जसं बाप्यानं रडावं तसं, कुणाला न कळता. पण त्याचा आवाज वॉर्डभर घुमत होता, व्हरांड्यात जात होता, खालच्या मजल्यावरून माणसं जिना चढून वर येत होती, आणि नर्स धावत आली ती दाराशीच थबकली. आपण केवढ्यानं रडतोय हे त्याला कळायला मार्गच नव्हता. अंजनानं दोनदा त्याला काही सांगितलं. त्याची मान खाली होती. मग तिनं कष्टानं कूस वळवली, आणि बायकोनं नवऱ्याच्या तोंडावर कधी ठेवू नये तसा आपला तळहात त्याच्या तोंडावर दाबून धरला, आणि सगळ्यांच्या देखत तसाच धरून ठेवला.